वास येतोय, इस्माईलभाई!

पहिल्याच भेटीत इस्माईलभाईंनी माझ्या नाकाखाली एक स्टीलची डबी धरली आणि हुकूम सोडला, "वास घ्या."

मी विमा कंपनीत मोटार क्लेम्सचा सर्व्हेअर आहे. ठोकलेल्या गाड्या बघायच्या, मालकाची हकिगत ऐकून घ्यायची आणि त्यातलं खरं किती ते ठरवायचं, हे माझं काम. अकरा वर्षं बहरैनमध्ये हेच करतोय. सखीरच्या वाळवंटात उभ्या गाडीला उंट येऊन धडकला, असं शपथेवर सांगणारे लोक मी पाहिलेत. त्यामुळे मला सहसा धक्का बसत नाही, आणि बसलाच तर तो चेहऱ्यावर दाखवायची आमच्या नोकरीत पद्धत नाही. इस्माईलभाई पेवेकर या गृहस्थांनी मात्र गेल्या तीन वर्षांत मला इतके धक्के दिलेत की खरं म्हणजे मीच कुठेतरी क्लेम लावायला हवा.

त्या दिवशी तुबलीतल्या एका गॅरेजमध्ये एका गाडीचं चेपलेलं दार बघायला गेलो होतो. आतून रंगाचा आणि थिनरचा असा भपकारा येत होता की माझ्या डोळ्यांना पाणी आलं. त्या भपकाऱ्यातून एक उंच, हडकुळे गृहस्थ शांतपणे बाहेर आले. मास्क तोंडावर नव्हता, गळ्यात लोंबत होता. भुवया निळ्या. (भुवयांचा रंग रोज बदलतो हे मला नंतर कळलं. ज्या गाडीचं काम चालू असेल तो.) मी मराठी आहे हे नावावरून कळल्याबरोबर त्यांनी हात पुसले, खिशातून ती डबी काढली आणि वर सांगितल्याप्रमाणे हुकूम सोडला.

मी घाबरत घाबरत वास घेतला.

"येतोय?"

"येतोय."

"कसा?"

"कसा म्हणजे? केशराचा."

"केशराचा ते मला पण ठाऊक आहे. कसा ते सांगा."

माझ्या आयुष्यात मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. "दवाखान्यासारखा," मी बोलून गेलो. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि मी बघायला आलेल्या गाडीच्याच जॉब कार्डाच्या मागे लिहिलं: दवाखाना.

"आणखी?"

"थोडं सुकलेल्या गवतासारखं. मागून मध."

"बरा!" ते खूश झाले. "काल एक मल्याळी आला होता, तो 'गुड स्मेल' म्हणून निघून गेला. असल्या नाकाचं काय करायचं सांगा!"

दारावरच्या चेपीबद्दल बोलायला आम्हाला त्यानंतर वीस मिनिटांनी वेळ मिळाला.

इस्माईलभाई दाभोळच्या खाडीकाठचे. सत्तावीस वर्षं बहरैनमध्ये गाड्या रंगवतात. घरवाली आणि म्हातारी आई गावी, हे इथे गॅरेजच्या वरच्याच खोलीत एकटे. रंगाच्या बाबतीत हा माणूस म्हणजे चमत्कार आहे. बाकीचे पेंटर कोड बघून, मशीनवर रंग जुळवतात. हे गाडीला एक फेरी मारतात, डोळे बारीक करतात आणि डब्यात थेंब थेंब मिसळायला लागतात. "पांढऱ्यात सतरा पांढरे असतात साहेब, लोकांना एकच दिसतो," असं त्यांचं म्हणणं. एकदा मी नवीन शर्ट घालून गेलो तर त्यांनी लांबूनच सांगितलं की शर्टाची डावी बाही वेगळ्या ताग्यातली आहे. मी घरी जाऊन उजेडात बघितलं. होती.

तर असा हा माणूस, आणि त्याचा छंद काय? इटालियन स्वयंपाक. तोही केशराचा. दर शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी ते त्या खोलीत रिझोत्तो नावाचा भात शिजवतात, केशराचा पिवळा शेवयांसारखा पास्ता कापतात, पिस्ते घालून बिस्कोत्ती नावाची केशरी बिस्किटं भाजतात. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, थिनर डोक्यात गेलं.

"पोरगी शिकवते," ते म्हणाले. "नाझनीन. मुंबईला मोठ्या हॉटेलात इटालियन किचनची शेफ आहे. दर शुक्रवारी फोन करते. ती तिकडून सांगते, मी इकडून करतो."

केशर घ्यायला ते मनामाच्या बाजारात जातात, आणि एकदा मलाही घेऊन गेले. दुकानदाराने लाल-केशरी पाकळ्यांची एक फुगीर पुडी पुढे केली. इस्माईलभाईंनी खिशातून पांढरा रुमाल काढला, त्यावर थुंकी लावली (मी हादरलो, दुकानदारही हादरला) आणि दोन पाकळ्या चिरडल्या. रुमालावर क्षणात पिवळाधमक डाग पडला.

"रिपेंट," इस्माईलभाई म्हणाले.

"काय?"

"ओरिजिनल केशर रंग सोडायला वेळ लावतं साहेब. काडी लालच राहते, पाणी हळूहळू सोनेरी होतं. ह्याने एका सेकंदात सगळा कलर टाकला. म्हणजे वरून मारलेला आहे."

माझं आजोळ बार्शीचं. मी ती पुडी हातात घेतली आणि मला हसूच आवरेना. "इस्माईलभाई, ही करडई आहे. आमच्या शेताच्या बांधावर असायची. फुलाच्या पाकळ्या आहेत या. रंग आहे, वास नावालाही नाही."

"नाय वास?"

"अजिबात नाही. कागद हुंगल्यासारखं."

त्यांनी माझ्याकडे विलक्षण आदराने बघितलं. मग ती करडई त्यांनी विकत घेतली. का, तर नमुना म्हणून. रंगाच्या धंद्यात चुकलेल्या रंगाचा पत्रा पण ठेवतात म्हणे. त्या दिवसापासून त्यांच्या खोलीत दोन डब्या झाल्या: गुळगुळीत झाकणाच्या डबीत खरं केशर, आणि झाकणाला चेप आलेल्या डबीत करडई. आणि माझी बढती झाली. गॅरेजमध्ये ते माझी ओळख "सर्व्हेअर साहेब" अशी करून द्यायचे, ती "हे आमचं नाक" अशी करून द्यायला लागले.

एका शुक्रवारी त्यांनी आम्हा उभयतांना जेवायला बोलावलं. शुभदा, म्हणजे माझी बायको, सांगलीची. मासे-मटण खात नाही, पण कोणाच्या घरी नाक मुरडणाऱ्यातली नाही. तिने रिझोत्तो आयुष्यात पाहिला नव्हता. इस्माईलभाई कढईतल्या भातात डाव फिरवत उभे होते आणि फिरवतच होते.

"अहो, भात ढवळताय तुम्ही!" शुभदा किंचाळायचीच बाकी राहिली. तिच्या माहेरी शिजत्या भाताला कोणी डाव लावला तर घरात दोन दिवस अबोला होतो.

"ढवळायचाच भाभी. हा मोकळा भात नाय. हा आपला गुरगुट्या भातच, फक्त सुटाबुटातला." मग त्यांनी आम्हाला कृती समजावून सांगितली. लोण्यावर कांदा परतला तो प्रायमर. इटलीवाले त्यावर वाइन ओततात. "आपल्याकडे दारू मफी, नाय चालत," म्हणून त्यांनी पांढऱ्या द्राक्षांचा रस आणि लिंबू घातलं. मग भाज्यांचं गरम पाणी एक डाव, ते आटलं की दुसरा डाव. "एक कोट सुकल्याशिवाय दुसरा मारायचा नाय." मग कोमट पाण्यात तासभर भिजवलेलं केशर. ते उकळायचं नाही, जळतं. शेवटी गॅस बंद करून लोणी आणि किसलेलं चीज. "हा फायनल कोट. चमक बघा! बंपर टू बंपर ओरिजिनल."

चमक खरंच होती. असा सोनेरी भात मी आधी पाहिला नव्हता. जेवता जेवता त्यांनी त्याची कथाही सांगितली. म्हणे मिलान शहरात मोठं चर्च बांधत होते. त्याच्या काचा रंगवणारा एक उस्ताद होता. त्याचा चेला प्रत्येक रंगात चिमूटभर केशर टाकायचा. उस्ताद चिडवायचा, अरे, एक दिवस भातात पण टाकशील! चेल्याने उस्तादाच्या मुलीच्या लग्नात खरंच टाकलं. "म्हणजे हा भात पेंटरने काढला साहेब, कुकने नाय," असं म्हणून इस्माईलभाई असे बसले की जणू तो चेला त्यांच्याच गॅरेजात होता. कथा खरी की खोटी देव जाणे, पण मी त्या दिवशी तो क्लेम पास करून टाकला.

केशर घातलेल्या पार्दुलास आल्या. सार्दिनिया नावाच्या बेटावरचा पदार्थ. आत ताजं चीज, केशर आणि लिंबाची साल, भोवती चुण्या घातलेली पारी. "ही तर तोंड उघडं राहिलेली करंजी," शुभदा म्हणाली आणि तीन खाल्ल्या.

इथवर सगळं छान होतं. मग त्यांनी फ्रीज उघडून पान्ना कोत्ता काढला. मलईचा, साखरेचा, चायना ग्रास घालून थिजवलेला, वर केशराच्या काड्या. दिसायला अप्रतिम. मी चमचा तोंडाजवळ नेला आणि थबकलो. त्या फ्रीजमध्ये गावाहून आलेला खाऊही होता, आणि त्यात सुके बोंबील होते. मलईने आपलं काम चोख केलं होतं. आजूबाजूचं सगळं शोषून घेतलं होतं.

मी शुभदाकडे बघितलं. तिचा चमचा तोंडातच होता. डोळे भरून आले होते.

"इस्माईलभाई," मी शक्य तितक्या हळुवारपणे म्हटलं, "जरा वास येतोय."

आता मराठीत एखाद्या पदार्थाला वास येतोय म्हटलं की समोरचा माणूस ताट उचलून नेतो. इस्माईलभाईंचा चेहरा उजळला.

"येतोय ना? मी म्हटलंच होतं, येणार! कसा येतोय?"

"जोरात," एवढंच बोललो. त्यांनी "जोरात!" म्हणत आमच्या वाट्यांत आणखी एकेक वडी घातली. आम्ही ती खाल्ली. घरी जाताना गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही. हायवेला लागल्यावर शुभदा म्हणाली, "बोंबील," आणि पुन्हा गप्प झाली.

माणूस विक्षिप्त आहे, आपल्या हातच्या पदार्थावर आंधळं प्रेम आहे, असा मी त्यातून अर्थ काढला. पुढच्या महिन्यात दुसरा धक्का बसला. मी गॅरेजमध्ये गेलो तेव्हा ते पाठमोरे उभे राहून फोनवर बोलत होते.

"अगं काय सांगू नाझनीन, ह्या वेळचं केशर! आधी दवाखान्यासारखा वास येतो बघ. मग सुकलेलं गवत. आणि मागून हळूच मध. आणि डबी थोडा वेळ उघडी ठेवली ना, की शाळेच्या नव्या वहीला कव्हर घातल्यावर येतो तसा."

शब्द न शब्द माझा! वहीचं तर मी आदल्याच आठवड्यात सांगितलं होतं, आणि सांगताना स्वतःवर खूश झालो होतो. चोरलेल्या गाड्यांचे क्लेम मी पुष्कळ पाहिलेत. चोरलेलं वाक्य पहिल्यांदाच पाहत होतो. थोडा राग आला, थोडी गंमत वाटली. लेकीपुढे मिरवायला बापाला चार शब्द लागतात, घेऊ देत, असं म्हणून मी ते सोडून दिलं. आपण केवढे मूर्ख होतो हे मला तेव्हा कळलं नाही.

ते कळलं त्यानंतरच्या एका शुक्रवारी, दुपारी दीडच्या सुमाराला.

इस्माईलभाईंनी फोन करून एकट्यालाच बोलावलं होतं. "या, आनंदाची बातमी आहे, दूध-केशर ठेवतो." मी जिना चढायला लागलो आणि चौथ्या पायरीवरच मला तो वास आला. गॅस! नुसता नाही, कोंदलेला. मी तीन-तीन पायऱ्या टाकत वर गेलो. दार ढकललं. खिडक्या बंद, एसी चालू, आणि इस्माईलभाई जुम्म्याच्या नमाजाचा पांढरा कुर्ता घालून शेगडीपुढे उभे. पातेल्यात दूध, बाजूला गुळगुळीत झाकणाची डबी. उजव्या हातात लायटर.

"इस्माईलभाई!" मी ओरडलो. "वास येतोय!"

ते वळले आणि तोंडभर हसले.

"येतोय ना? खालपर्यंत आला? आज काड्या जास्त टाकल्यात! कसा येतोय?"

असं म्हणत त्यांनी लायटर शेगडीकडे नेला.

मी त्यांच्या अंगावर उडी मारली असं म्हणायला हरकत नाही. दूध सांडलं, डबी पडली, आम्ही दोघेही भिंतीवर आदळलो. मी लायटर हिसकावून जिन्यात फेकला, सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि त्यांना दंडाला धरून खाली रस्त्यावर आणलं. नळी रेग्युलेटरपाशी निसटली होती. मग मी त्यांना काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला नाय येत साहेब."

"काय नाही येत?"

"वास. कसलाच नाय येत."

मास्क गळ्यात का, बोंबलाचा पान्ना कोत्ता हसत हसत का, जॉब कार्डामागे दवाखाना का, हे सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं आणि मला स्वतःची लाज वाटली. मी आयुष्यभर लोकांच्या चेपलेल्या पत्र्यावरून काय घडलं ते ओळखत आलो. हा माणूस तीन वर्षं माझ्या पुढ्यात होता.

"बारा-तेरा वर्षं झाली," ते फुटपाथवर बसत म्हणाले. "हळूहळू गेला. एक दिवस सुरमईच्या कालवणाचा वासच नाय आला. डॉक्टर म्हणाला, रंगाने, थिनरने नस मेली. खलास. जिभेला तिखट-मीठ-गोड कळतं, तेवढंच."

"मग हे केशर कशाला? दुसरं काहीतरी करायचं! टोमॅटोचं करा, चीजचं करा!"

त्यांनी कुर्त्यावर सांडलेलं दूध झटकलं.

"पोरगी पाळण्यात असताना मी इथे आलो. दोन वर्षांनी एकदा घरी, दीड महिना. फोनवर काय बोलायचो आम्ही? 'जेवलीस?' 'जेवले. अब्बा, तुम्ही?' 'जेवलो.' खलास. वर्षानुवर्षं एवढंच. मग ती हॉटेलचं शिकायला गेली. एक दिवस सहज केशराचं सांगायला लागली, आणि पाऊण तास बोलली साहेब. माझ्याशी. पाऊण तास! मी म्हटलं, आता हे धरून ठेवायचं. मी पण करायला लागलो. मग ती विचारायची, अब्बा, तुमच्या केशराचा वास कसा आहे? आता मी काय सांगू? रंग सांगू शकतो, शंभर प्रकारे सांगेन. पण ती वासच विचारते."

"म्हणून आम्हाला विचारायचात."

"तिला कळलं तर ती विचारायची बंद होईल. वाईट वाटेल तिला, म्हणून बंद होईल. मग परत आपलं 'जेवलीस, जेवले'." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आणि आनंदाची बातमी हीच आहे. पोरगी येते आहे. पुढच्या गुरुवारी. व्हिजिट व्हिसा झाला. पंधरा दिवस."

मला गॅसपेक्षा मोठा धक्का त्या वाक्याने बसला.

पुढचे सहा दिवस आम्ही ज्या तयाऱ्या केल्या त्या आता आठवल्या की हसू येतं. बोंबलांची रवानगी माझ्या फ्रीजमध्ये झाली. शुभदाला मी नाकाचं सगळं सांगितलं होतं, तिने एका शब्दाने तक्रार केली नाही. गॅसची नळी नवी. नाझनीन आल्यावर पहिलं जेवण आम्हा उभयतांच्या समक्ष व्हायचं, आणि नाकाचं काम मी करायचं. त्यासाठी खुणा ठरल्या. मी उजवा कान खाजवला तर वास छान. डावा कान खाजवला तर गडबड. दोन्ही कान धरले तर सगळं सोडून खाली पळायचं. इस्माईलभाईंनी त्याची तालीमसुद्धा घेतली. एकदा माझ्या डाव्या कानाला खरोखरच खाज सुटली आणि त्यांनी चांगला रिझोत्तो ओतून दिला.

नाझनीन आली. बापासारखीच उंच, बोलकी, हसरी. तिने आल्या आल्या ती खोली बघितली, ती एकच खाट, खिडकीतून दिसणारे गाड्यांचे पत्रे. मग बाह्या वर सारून म्हणाली, "यल्ला, चला अब्बा! शिकवा मला, तुमचा तुबली स्टाइल रिझोत्तो."

इतकं सुंदर काम मी दोन माणसांना एकत्र करताना पाहिलेलं नाही. ती पाणी घालायची, हे ढवळायचे. हे रंग बघून "आता" म्हणायचे, ती वास घेऊन "आता" म्हणायची, आणि दोन्ही "आता" एकाच वेळी यायचे. मी उजवा कान खाजवून खाजवून लाल केला. इस्माईलभाई हळूच माझ्याकडे बघायचे आणि मग मोठ्याने, "वाहवा, काय वास!" खुणांचं माहीत नसलेल्या शुभदाने मला विचारलं, तुमच्या कानाला काही चावलंय का?

भात वाफेला ठेवून नाझनीन फडताळापाशी गेली आणि पाठीमागे हात लपवून आली. चेहऱ्यावर खट्याळ हसू.

"अब्बा, आता परीक्षा. रंग बघून तर तुम्ही झोपेत पण सांगाल. डोळे मिटा. नुसत्या वासावर सांगा, हे कसं आहे?"

इस्माईलभाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेतली भीती मी विसरणार नाही. पण लेकीने हट्टाने एक तळहात त्यांच्या डोळ्यांवर ठेवला होता. माझे दोन्ही कान कुचकामी झाले.

तिने दुसरा हात पुढे केला आणि अंगठ्याने झाकण उघडलं. झाकणाला चेप आलेली डबी! करडई!

बाजारातला करडईचा किस्सा तिने फोनवर ऐकलेला होता आणि तिला बापाची गंमत करायची होती, एवढंच. बिनवासाचं काहीतरी नाकापुढे धरायचं, आणि बापाने "रिपेंट!" म्हणून ओरडायचं, की हसायचं. मी उठायला गेलो. शुभदाने माझा हात घट्ट धरला. तिलाही ती डबी ओळखू आली होती.

इस्माईलभाईंनी लांब श्वास घेतला. एकदा. पुन्हा एकदा. मी मनात म्हणत होतो, दवाखाना तरी म्हणू नका. त्यांनी दवाखाना म्हटलं नाही. गवत, मध, वही, माझं एकही वाक्य वापरलं नाही. डोळे झाकलेले तसेच ठेवून ते अगदी हळू बोलायला लागले.

"तू सात दिवसांची होतीस. तुझा अकीका होता. न्हाव्याने तुझं डोकं भादरलं. मग माझ्या आईने वाटीत केशर भिजवलं आणि म्हणाली, बापाने लावायचं. मी तुझ्या डोक्याला लावलं. एवढंसं डोकं. गरम. तू रडत नव्हतीस. मी वास घेतला. दूध, केशर आणि तू. तिसऱ्या दिवशी माझं विमान होतं. बोटं धुतली नाय मी, बहरैनपर्यंत." ते थांबले. "तोच आहे. तस्साच येतोय. ओरिजिनल आहे बेटा."

मी नाझनीनकडे बघायचं टाळत होतो, पण बघितलंच. हसू कधीच गेलं होतं. तिने डबीकडे बघितलं. मग बापाकडे. त्या कोरड्या पाकळ्यांवर टेकलेलं बापाचं नाक बघितलं. शेफ आहे ती. तिला काही समजावून सांगायची गरज नव्हती. मला वाटलं, आता ती विचारणार, आणि संपलं सगळं.

तिने अंगठ्यानेच डबीचं झाकण लावलं. अजिबात आवाज न करता ती पाठीमागे ओट्यावर ठेवली, गुळगुळीत झाकणाची डबी उचलली, मग बापाच्या डोळ्यांवरचा हात काढला.

"बरोबर, अब्बा," ती म्हणाली. "ओरिजिनल आहे. शंभर मार्क."

इस्माईलभाईंनी तिच्या हातातली डबी बघितली आणि विजयाने माझ्याकडे वळले. मी दोन्ही हातांनी उजवा कान खाजवला. डोळेही पुसले, पण ते त्यांना दिसलं नसावं. नंतर आम्ही चौघांनी भात खाल्ला. शुभदाने दोनदा घेतला.

पंधरा दिवसांनी नाझनीन परत गेली. त्यानंतरच्या शुक्रवारी मी वर गेलो तर शेगडीखालच्या भिंतीला एक पांढरा गोल डबा लावलेला.

"गॅस सुटला की बोंबलतो," इस्माईलभाई म्हणाले. "पोरीने लावून दिला. म्हणते, अब्बा, हल्ली चांगल्या किचनमध्ये हे असतंच. इटलीत तर म्हणे ह्याच्याशिवाय चालतच नाय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिला काय कळलं नाय, बरं का साहेब. एवढे पंधरा दिवस, पण काय पण नाय."

"नाही कळलं," मी म्हटलं.

त्या दिवशी त्यांच्या भुवया लाल होत्या. त्यांनी डबी काढली, पण माझ्या नाकाखाली धरली नाही. नुसतीच हातात फिरवत बसले.

"काय झालं? आज विचारत नाही?"

"गरजच नाय राहिली," ते जरा तक्रारीच्या सुरात म्हणाले. "पोरगी आता मला विचारतच नाय, वास कसा आहे म्हणून. स्वतःच सांगत बसते. आज केशर आलं अब्बा, असा वास, तसा वास. लिंबाच्या सालीचा कसा, लोणी तापलं की कसा, मुंबईत पाऊस पडला तर खिडकीतून कसा. एक एक वास घेऊन सांगते, तासभर. मला बोलायलाच देत नाय."

माझ्या नाकाची नोकरी गेली होती. मी विचारलं, "मग तुम्ही काय करता?"

"ऐकतो," इस्माईलभाई म्हणाले. त्यांनी दाराकडे बघून घेतलं, कोणी नाही याची खात्री केली आणि डबी खिशात टाकली. "आणि खरं सांगू साहेब? तेव्हा वास येतो."